भोवऱ्याच्या सोळा गिरक्या

सोमवार, ४

ही वही खरं तर ताईची. पहिली दहा-बारा पानं तिने फाडून टाकलीत, त्यामुळे मागची पानंही सुटी होऊन लोंबतायत. काय लिहिलं होतंस त्यात, असं मी विचारलं तर म्हणाली, "तुला वही हवीय का नकोय?" मी वही उचलली. फुकटची वही कोण सोडतं!

आजपासून मी रोज लिहिणार (किंवा काही घडलं तर लिहिणार), कारण आज घडलंच तसं. नाट्यगृहाला या महिन्यात पंचवीस वर्षं होतायत, आणि त्या वाढदिवसाला आमच्या बॅलेच्या वर्गाचं नाच-नाटक आहे, 'खेळण्यांची पेटी'. बाईंनी आज कुणाला काय मिळालं ते वाचून दाखवलं. चिमणी चावीची बाहुली. चिमणी म्हणजे माझी मैत्रीण, बोलायला लागली की चिवचिव थांबतच नाही. बालवर्गातली नऊ पिल्लं गोट्या. आणि मग बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "भोवरा."

मी! मला घरीदारी सगळे भिंगरी म्हणतात ते काही उगाच नाही. सगळी खेळणी पेटीभोवती झोपलेली असतात, झाकण उघडतं, आतून एकटा भोवरा निघतो आणि एका जागी सोळा गिरक्या घेतो. तो थांबला की सगळी खेळणी जागी होऊन नाचायला लागतात. म्हणजे मी धडपडले तर बाकीच्यांनी झोपूनच राहायचं.

घरी सांगितल्यावर आईने शिवणयंत्र थांबवून माझा पापा घेतला. बाबा बस चालवतात, त्यांनी तोंडानेच जोरात हॉर्न वाजवला. ताई पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "सोळा? खुंटी कुठली घेतेस?"

मी म्हटलं, "खिडकी." थाप मारली.

खुंटी म्हणजे काय ते लिहून ठेवते. गिरकी घेताना चक्कर येऊ नये म्हणून समोरच्या एका ठिकाणी नजर लावायची. अंग वळलं तरी मान शेवटपर्यंत तिथेच, मग झटकन फिरवून पुन्हा तिथेच. बाई म्हणतात, "नजर खुंटीला टांगा." प्रत्येकाची खुंटी वेगळी. चिमणीची पंख्याचं बटण. माझी खुंटी म्हणजे आरशातली मी. हे बाईंना माहीत नाही, कारण आरसा घ्यायचा नाही असा त्यांचा नियम आहे. पण मला ती आवडते. मी फिरून परत आले की ती तिथे असतेच.

गुरुवार, ७

आमचे पियानोवाले आजोबा आज म्हणाले, "तुझी बहीण काल बाहेर खिडकीशी उभी होती. आत ये म्हटलं तर निघून गेली." मी म्हटलं, आजोबा, ती दुसरीच कुणीतरी असेल, ताई बुधवारी गणिताच्या शिकवणीला जाते. त्यांच्या चष्म्याच्या काचा बशीएवढ्या जाड आहेत. परवा ते खुर्चीवरच्या शालीला "हट, हट" करत होते, मांजर समजून.

शिवाय ताई कशाला येईल? ती आमच्या वर्गातली सगळ्यात छान नाचणारी होती. मागच्या वर्षी त्याच स्टेजवर शेवटच्या उडीला तिचा गुडघा कट्‌ करून वाजला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, सायकल चालवा, पण नाच आता नाही. तेव्हापासून ती नाट्यगृहाच्या रस्त्याने जातसुद्धा नाही, शाळेला पोस्टाच्या गल्लीतून लांबचा वळसा घालून जाते. मी घरी नाचायला लागले की उठून दुसऱ्या खोलीत. मला वाटतं ती माझ्यावर जळते. स्वतःच्या बहिणीवर! मी तिच्या जागी असते तर रोज येऊन टाळ्या वाजवल्या असत्या.

मंगळवार, १२

लिहायचंच नव्हतं, पण लिहिते.

आज स्टेजवर पहिली तालीम होती. दुपारी गेलो तेव्हा काय मजा वाटली! गच्चीपासून दारापर्यंत रंगीत कागदाच्या माळा लावतायत, एक माणूस शिडीवर चढून दिवे टांगतोय, पितळी कठडे घासून लख्ख केलेत. मी उड्या मारतच आत शिरले. पेटीत जाऊन बसले, झाकण उघडलं, उभी राहिले आणि समोर बघते तर काहीच नाही. नुसता काळोख. दिवे सगळे माझ्या तोंडावर आणि पलीकडे खुर्च्यासुद्धा दिसेनात. आरसा तर नाहीच.

दोन गिरक्या बऱ्या झाल्या. तिसरीला दिवेच गरगरायला लागले. सहावीला मी कुठे तोंड करून उभी आहे तेच कळेना, आणि सातवीला माझा पाय थेट नाट्यगृहाच्या सुतारकाकांनी बनवलेल्या मोठ्या ढोलात. ढोल फाटला, माझी नडगी सोलली, झोपलेली सगळी खेळणी उठून खी खी हसायला लागली.

बाई मात्र हसल्या नाहीत. "खुंटी कुठली होती?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "वर्षभर मला फसवलंस ते सोड. स्वतःला फसवलंस. शुक्रवारी परत बघते, नाहीतर भोवरा चिमणी करेल." चिमणी खाली बघत बसली. तिला सगळी पावलं येतात, मीच शिकवलीत.

घरी सांगितलं, तालीम झकास झाली. आई म्हणाली, दृष्ट काढायला हवी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवार, १३

खुंटी सापडली!! सुतारकाका! ते अगदी मागच्या रांगेत बसून फाटक्या ढोलाला कापड चिकटवत होते. दाराच्या वरचा लाल दिवा बरोबर त्यांच्या टकलावर पडतो आणि टक्कल चमकतं. मी त्यावर नजर टांगली आणि अकरा गिरक्या घेतल्या! अकरा! बाई "हं" म्हणाल्या. बाईंचं "हं" म्हणजे दुसऱ्यांची शाबासकी.

शुक्रवार, १५

फजिती. अशी फजिती शत्रूचीही होऊ नये.

नऊ गिरक्या अगदी सरळ झाल्या. दहाव्या वेळी मान फिरवून आणली तर टक्कल थोडं उजवीकडे. मी त्याच्याकडे बघितलं. अकराव्या वेळी आणखी उजवीकडे. मी आणखी उजवीकडे. काका गोंदाचा डबा घेऊन हळूहळू पलीकडे निघाले होते! सोळावी संपवून मी अगदी ऐटीत हात पसरून वाकले, आणि नमस्कार केला तो विंगेत टांगलेल्या वाळूच्या बादलीला. प्रेक्षकांकडे माझी पाठ.

आधी मीही हसले. मग रडूच आलं.

"हलणारी खुंटी?" बाई म्हणाल्या. "अगं, इतक्या वर्षांत हे कुणी केलं नव्हतं." काका बिचारे धावत आले. "बाई, चूक माझी. मी त्या दिवशी पुतळ्यासारखा बसेन." पण त्या दिवशी त्यांना पेटीच्या झाकणाची दोरी ओढायची आहे.

आता शेवटची संधी, गुरुवारची रंगीत तालीम. तोवर चिमणीही भोवऱ्याची तयारी करणार. बाईंनी आईला निरोप पाठवला की भोवऱ्याच्या झग्याला कमरेशी हुकांच्या दोन ओळी लावा, दोघींपैकी कुणालाही बसेल असा करा. चिमणी माझ्यापेक्षा बारीक आहे. आईने निरोप वाचला, माझ्याकडे बघितलं आणि हुकांची डबी काढली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, १६

सकाळी सहा वाजता ताईने माझं पांघरूण ओढलं. "ऊठ. गच्चीवर चल."

"का?"

"नडगीला काय झालंय ते मला दिसतं. आणि हुकाच्या दोन ओळी का ते पण कळतं. ऊठ."

वर गेलो. तिने गच्चीच्या टोकाला बादली पालथी घातली आणि त्यावर बसली. "माझ्या नाकाकडे बघ आणि फीर." मी म्हटलं, नाकावर तुझ्या कायम राग असतो, नजर टांगायला जागा कुठंय? हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

सहा झाल्या. सातवीला तोल गेला. ती तिथूनच, "मान उशिरा आणतेस. अंगाच्या आधी मान पोचली पाहिजे. परत." चौदा वेळा परत! खालच्या मजल्यावरचे काका वर आले, छत खाली येईल की काय म्हणाले. ताई म्हणाली, "पुढच्या शनिवारी चार वाजता नाट्यगृहात या, मग कळेल का ते." काका चक्क बरं म्हणून गेले. ताईपुढे कुणाचं काही चालत नाही.

घरात आली तेव्हा तिने कपाटाच्या आरशावर चादर टाकली. आठवडाभर काढायची नाही म्हणे. मी वेणी चाचपडत घातली, तिरकी झाली.

जेवताना बाबा म्हणाले, "वळणावर मी स्टेअरिंगकडे बघत नाही गं, कुठे पोचायचंय तिकडे बघतो." मग त्यांनी वाटी धरून बस वळवून दाखवली. आमटी सांडली.

सोमवार, १८

बारा! पण आज भांडण झालं.

मला हात जमत नव्हते म्हणून ताई उठली, मधे येऊन उभी राहिली. पाय बाहेर वळवले, हात गोल केले, मान वर. मी तिला वर्षभरात असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. किती छान दिसते! मला वाटलं आता फिरतेच. मग तिने हात सोडले आणि जाऊन बादलीवर बसली. डोळे पुसत होती. म्हणाली, धूळ गेली. गच्ची कुणी झाडतच नाही, उद्या मीच केरसुणी घेऊन जाते.

मी म्हटलं, "तू शनिवारी ये ना. मागच्या दाराशी उभी राहा. तुझं नाक असलं की मला सोळा येतील."

"खुंटी म्हणजे माणूस नसतं. दार बघ, दिवा बघ."

"दिवा तसा नसतो! मी परत आल्यावर दिव्याला काय कळतं?"

"मी तिथे येणार नाही, भिंगरी."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तू जळतेस माझ्यावर. म्हणून येत नाहीस."

ती पांढरीफटक पडली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. पण ती अगदी हळू म्हणाली, "हो, जळते. रोज जळते. झालं? आता मान सरळ कर, पहिल्यापासून."

मी मुकाट्याने फिरले. मला वाटायचं, तिने कबूल केलं की मला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काहीच वाटलं नाही.

बुधवार, २०

दोन दिवस आम्ही फक्त आकडे बोलतोय. आज चौदा. मग पंधरा. आणि मग ताई बादली उचलता उचलता म्हणाली, "उद्या येईन. आणि शनिवारी. पांढरा स्वेटर घालेन, म्हणजे अंधारात दिसेन. आत बसणार नाही, दाराशीच उभी राहीन. आणि मला कुणी काही विचारायचं नाही."

मी तिला मिठी मारायला धावले तर म्हणाली, "घामट! लांब हो."

गुरुवार, २१

सोळा!!!!!

मागच्या दारात पांढरा स्वेटर. एक पाय आत, एक पाय बाहेर. मी त्यावर नजर टांगली आणि फिरले, आणि प्रत्येक वेळी परत आले की ताई होती. सोळावीला थांबले ती बरोबर समोर तोंड करून. बाईंनी मागे वळून दाराकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. पियानोवाले आजोबा माझा भाग संपला तरी वाजवतच राहिले. ताईचा जुना नाच होता तो, मला ओळखू आला. म्हातारपणी लक्षात राहत नाही, कुठलं कुठे वाजवतात.

चिमणी माझ्या गळ्यात पडली. "बरं झालं बाई! मला चौथीलाच उलटी येते, कुणाला सांगू नकोस." आणि मी सहा रात्री तिच्या नावाने बोटं मोडत होते! आईने हुकांची आतली ओळ उसवून टाकली.

रविवार, २४

काल झालं. काल लिहायचं होतं पण हातात पेन धरवेना. आता सगळं क्रमाने लिहिते.

चारचा खेळ होता. नाट्यगृह नवरीसारखं सजवलं होतं, दारात फुगे, प्रत्येक मुलाला कागदी टोपी. खालच्या मजल्यावरचे काका सगळ्यात आधी येऊन बसले होते. बाबा बसच्या खाकी कपड्यांतच आले, डेपोतून थेट. विंगेत आईने माझे हुक लावले, गालावर तांबडे गोल काढले आणि म्हणाली, "ताई निघालीय. पांढरा स्वेटर." मी पेटीत जाऊन बसले. आत अंधार, गुडघे हनुवटीला, बाहेर पियानो. मला जरासुद्धा भीती वाटत नव्हती.

सुतारकाकांनी दोरी ओढली. झाकण उघडलं. मी उभी राहिले, तोंडावर दिवे, आणि मी मागच्या दाराकडे बघितलं.

दार बंद. वरचा लाल दिवापण विझलेला. पांढरं काहीसुद्धा नाही.

पियानोवर भोवऱ्याचं सुरू झालं. मी तशीच उभी. आजोबांनी तेवढंच परत वाजवलं. मी तशीच. त्यांनी तिसऱ्यांदा वाजवलं, अगदी सावकाश. एरवी त्यांना शाल आणि मांजर कळत नाही, पण मी थिजलेय हे त्यांना बरोबर दिसलं. झोपलेल्या बाहुलीने, म्हणजे चिमणीने, एक डोळा उघडला. ही तर माझी वाट बघतेय, मला वाटलं. सगळीच माझी वाट बघतायत. मी नाही फिरले तर ही सगळी अशीच पडून राहणार.

मग मी विचार केला की दार कुठे आहे ते मला माहितीय. दारात उभी राहिली की ताईचं नाक किती उंच येतं तेही माहितीय. काळोख असला म्हणून काय झालं? मी ते नाक तिथे ठेवलं आणि फिरले.

एक. नाक होतं. दोन. होतं. अंगाच्या आधी मान, अंगाच्या आधी मान. आठवीला जरा डुगडुगले, पण नऊला परत सापडलं. बारा, तेरा. झग्याचे पट्टे नुसते फुलले होते, आई म्हणते लाल-पिवळं वेगळं दिसतच नव्हतं. सोळा, आणि मी थांबले. समोर तोंड. पाठ नाही, बादली नाही, समोर!

मग टाळ्या. बाबांनी तोंडाने हॉर्न वाजवला, सगळ्यांनी वळून बघितलं. सगळी खेळणी एकदम जागी झाली, चिमणी टुणकन उठली, नाच सुरू झाला, आणि मी नाचत नाचत विंगेत गेले. आत गेल्या गेल्या मला असा राग आला! आली नाही म्हणजे काय! घरी गेल्यावर तिला बघून घेते, असं ठरवतच होते.

तर ताई तिथेच. विंगेत जमिनीवर बसली होती, दुखरा पाय लांब करून, मांडीवर सगळ्यात धाकटी गोटी, तोंडात दोरा, हातात सुई. त्या गोटीच्या बुटाचं इलॅस्टिक तुटलं होतं आणि ती ठो ठो रडत होती, आणि ते बघून बाकीच्या आठ. पडदा उघडायच्या आधी बाई धावत मागच्या दाराशी गेल्या, ताईचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुझ्याइतकं पटकन कुणाला जमणार नाही, चल." आणि तिला ओढत आणलं. तिच्या पांढऱ्या स्वेटरला गोट्यांच्या गालांचा तांबडा रंग लागला होता, सगळीकडे.

"तू दाराशी नव्हतीस!" मी म्हटलं.

"नव्हते गं. तू पेटीत होतीस, सांगणार कशी? इथून बघत होते. तू थांबलीस तेव्हा माझा जीव नुसता टांगणीला लागला." तिने दोरा तोडला. "तू कशाकडे बघून फिरलीस मग?"

"तुझ्याकडे."

"मी तिथे नव्हते पण."

"माहितीय. तरी तुझ्याकडेच."

ताईने सुई बाजूला ठेवली. मग तिने मला जवळ ओढलं, गोटीसकट, आणि माझ्या केसांत तोंड खुपसून रडली. मी म्हटलं, ताई, मी त्या दिवशी बोलले ते. ती म्हणाली, "गप. ते खरंच होतं." मीपण रडले, गोटी तर रडतच होती.

तेवढ्यात गोट्यांची वेळ झाली. बाई पलीकडच्या विंगेत, इकडे मोठं कुणीच नाही. ताई उठली, नऊ जणींना ओळीत लावलं आणि एकेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायला लागली, "पाच, सहा, सात, जा. पाच, सहा, सात, जा." आठ गेल्या. नववी जाईना. तिने ताईचा स्वेटर मुठीत धरून ठेवला. "तू पण चल," म्हणाली.

ताईने स्टेजकडे बघितलं. मला वाटलं ती मला सांगेल तिला घेऊन जायला, मी पुढे पण झाले. पण ताईने गोटीचा हात धरला आणि ती स्वतःच गेली.

दिव्यांत गेली, सगळ्यांसमोर, त्या डाग पडलेल्या स्वेटरमध्ये. मान सरळ, खांदे खाली, एकेक पाऊल आधी बोटं मग टाच. गोटीला ओळीत नेऊन ठेवलं, तिचा हात हळूच सोडवला, वळली आणि पियानोच्या तालावर पूर्ण स्टेज ओलांडून चालत परत आली. आजोबांनी तेवढ्यापुरतं वाजवणं हळू केलं. लोकांना वाटलं हे नाचातलंच आहे. माझ्यासाठी वाजल्या तेवढ्याच टाळ्या वाजल्या. आई पहिल्या रांगेत उभीच राहिली होती, बाबा तिला खाली बसवत होते आणि स्वतःच उभे होते.

ताई आत आली तेव्हा तिचा हात बर्फासारखा गार होता. तिने माझा खांदा धरला.

"पडले नाही ना गं मी?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय! तू नुसती चाललीस, ताई. पडशील कशी?"

"हो ना," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसतच राहिली, आणि खांदा काही सोडेना.